पाहुणे न जेवता गेले

नंदिगड्डे,
२४ ऑगस्ट

चि. शिवानंद यास शांताआक्काचा आशीर्वाद पोचो.

गुणा म्हणतो, तू हे पाकीट न फोडताच टाकून देशील. मी म्हटलं, माझं अक्षर तो टाकणार नाही. ह्याच अक्षरावर बोट फिरवून तो बाराखडी शिकला, आणि ‘ळ’ काढताना दर वेळी रडला. तेव्हा फोडलंस असं धरून लिहिते.

परवा मीठ आणि काड्यापेटी आणायला गुणाच्या दुकानात गेले होते. तो गिऱ्हाईक सोडून बाहेर आला आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. आत तुमची बेंगळुराची विधानसभा चालली होती. तू ज्या आमदारांच्या कचेरीत काम करतोस ते विरोधी बाकावर उभे होते, हातात कागद. तारांकित प्रश्न म्हणे. प्रश्नाला तारा लावतात हे मला आजवर ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, जोयडा तालुक्यात नंदिगड्डे पंचायतीच्या एका वाडीला व्हाळावर पूल नाही, आणि तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रुक्मी झिलू वेळीप ही आजारी बाई झोळीतून दवाखान्यात नेताना त्या व्हाळाच्या काठावरच मेली, हे सरकारला माहीत आहे काय? आईला जन्मभर जोयड्याच्या पलीकडे कुणी नावानं ओळखलं नाही. तिचं नाव तिथं ऐकून माझ्या हातातली काड्यापेटी खाली पडली.

मग मंत्री उठले. घाईत नव्हते, हसत होते. म्हणाले, आमचे अधिकारी स्वतः त्या वाडीत जाऊन आले. लोकांची व्हाळाबद्दल काही तक्रार नाही. आणि ती बाई काठावर नव्हे, आपल्या घरात वारली. हे तिच्या सख्ख्या मुलीनंच सांगितलं आहे, मोबाईलवर तिचं बोलणं घेतलेलं आहे. विरोधी सदस्यांनी इथं विचारण्याआधी तिला एकदा विचारायचं होतं. त्यावर सगळे बाकं वाजवायला लागले. तुमचे साहेब काही बोलायला गेले, पण आवाजात ऐकू आलं नाही, आणि ते खाली बसले. मागे कुठे तू दिसतोस का म्हणून मी डोळे ताणून बघितलं. नाही दिसलास.

तुझा फोन दुकानात येऊन गेला होता. गुणानं निरोप सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. ‘आक्काला सांग, आता मी घरी येणार न्हाई.’ एवढाच निरोप.

शिवा, मी तसं काही बोलले नाही. साहेब लोक आले, उभ्या उभ्या काही विचारलं, मी काही म्हटलं. त्याला त्यांनी मागे-पुढे काय जोडलं ते त्यांचं त्यांना माहीत. मोबाईलात आजकाल माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं म्हणे. तू शिकलेला, तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं.

बुधवारी चवथ आहे. गणपती आणायला तू लागतोस. शेजारचा कान्हू आणील, पण तो मूर्ती धरतो ती भाताचं पोतं धरल्यासारखी. राग सोबत घेऊन ये हवं तर, पण ये.

आक्का


नंदिगड्डे,
१ सप्टेंबर

चि. शिवानंद,

आला नाहीस. कान्हूनंच गणपती आणला. सोंड शाबूत राहिली हे देवाचं नशीब. मोदक सगळे केले, तुझे अकरा बाजूला ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी वासूच्या पोरांना वाटले. आरतीला वाडीतले सगळे होते. कुणी तुझं नाव काढलं नाही, त्यावरून मला कळलं की सगळ्यांना सगळं माहीत आहे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मोबाईलात जे ऐकलंस ते माझंच बोलणं आहे. कुणी काही जोडलेलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते तिघं आले. एक इंजिनियर, एक आरोग्य खात्यातली कारवारकडची पोरगी, दीपाली, आणि एक मोबाईल धरणारा. पाऊस दोन दिवस उघडला होता म्हणून व्हाळात पाणी मांडीपर्यंतच होतं. तरी कान्हूनं एकेकाचा हात धरून त्यांना अलीकडे आणलं. इंजिनियरनं बूट गळ्यात अडकवले होते. अंगणात उभे राहिले, ओलेचिंब. मी गूळपाणी दिलं, चटई टाकली.

‘आक्का, कशा हायत?’ दीपालीनं विचारलं.

‘बरं हाय बाई. देवाच्या दयेनं सगळं बरं हाय. बसा.’

‘व्हाळाचा काय तरास?’

‘तरास कसला? चाललंय. तुमी बसा आधी. भात टाकलाय, जेवूनच जावा.’

मी हे बोलत होते तेव्हा तो तिसरा मोबाईल धरून उभा होता. मला वाटलं रेंज शोधतोय.

तू आता म्हणशील, आक्का, तोंडाला कुलूप लागलं होतं काय. शिवा, तुलाही घरची रीत सांगावी लागेल, इतकी वर्षं तुला बेंगळुरात झाली? पाहुणा आला की आधी गूळपाणी, मग जेवण, मग तो हात धुऊन पान खायला बसला की आपलं रडगाणं. उपाशी माणसाच्या अंगावर आपलं दुःख टाकायचं नाही. दारात त्यानं ‘कसं काय’ विचारलं की ‘बरं हाय’ म्हणायचं, घरात मढं पडलेलं असलं तरी. लहानपणी मामा आला तेव्हा तू धावत जाऊन दारातच ‘मामा, आमची म्हस मेली’ म्हणून सांगितलंस, आणि आईनं तुझ्या पाठीत धपाटा घातला. मामाला त्या दिवशी घास गिळेना. तो धपाटा तू विसरलास, मी विसरले नाही.

मी त्यांना सगळं सांगणारच होते. जेवण झाल्यावर. मुडलीच्या कंदाची भाजी केली होती, सुक्या बांगड्याचं तिखट केलं होतं, आणि भाताला नुसती एक कढ यायची बाकी होती. दीपाली बसली सुद्धा. पण इंजिनियर सारखा आभाळाकडे बघायला लागला. घाटावर काळं झालं होतं. ‘पाणी चढंल, पाणी चढंल’ म्हणत त्यानं दोघांना उठवलं. मी पातेलं उतरवून बाहेर येईपर्यंत ते तिघं आणि कान्हू उताराला लागले होते.

व्हाळाला पाणी चढून आपण इकडेच अडकू ह्या भीतीनं ते न जेवता पळाले, आणि वर जाऊन सांगितलं की व्हाळाचा त्रास नाही. मला आधी हसू आलं होतं. तो भात मी आणि कान्हूनं दोन दिवस खाल्ला.

तुझ्या साहेबांची मान माझ्यामुळे खाली गेली, आणि तुझीही. मी चुकले. हे लिहायला मला आठ दिवस लागले आणि चार कागद लागले. आता तू राग सोड.

आई घरी वारली वगैरे जे मंत्री म्हणाले, त्याबद्दल मला विचारू नको. ते बोलण्याच्या ओघात झालं असेल.

आक्का


नंदिगड्डे,
१४ ऑक्टोबर

चि. शिवानंद,

तुझं कार्ड मिळालं. सहा ओळी, त्यात आशीर्वाद मागितलेला नाही, तब्येत विचारलेली नाही. तरी मी ते देवाच्या फळीवर ठेवलंय.

तू लिहिलंयस की डिसेंबरात बेळगावला अधिवेशन आहे, तिथं साहेब हाच प्रश्न पुन्हा घेणार. त्यासाठी माझा कागद हवा. ‘माझी आई व्हाळाच्या काठावरच मेली, अधिकाऱ्यांनी माझं बोलणं उलटं नेलं’ असं लिहून खाली सही. तो नसेल तर साहेबांनी सभागृहाची दिशाभूल केली असं होईल, त्यांना माफी मागावी लागेल, आणि ही माहिती ज्यानं दिली त्याला, म्हणजे तुला, ते ठेवणार नाहीत. सगळं नीट समजलं. दोनदा वाचलं.

पण आता भात कापणीला आलाय. डुकरं रोज खाली उतरतात, पहाटेपर्यंत डबा वाजवत बसावं लागतं. शाळेत दुपारचं जेवण रांधायचं असतंच, दुसरी बाई बाळंतपणाला गेलीय. त्यात पेनातली शाई संपली, हे मी गुणाच्या दुकानातल्या पेनानं लिहितेय. कापणी उरकली की निवांत बसून लिहीन.

आणि एक विचारायचं होतं. कागदात ‘काठावरच’ असं असायलाच हवं काय? ‘व्हाळ ओलांडता आला नाही म्हणून मेली’ एवढं लिहून चालत नाही? तुमच्या सभेत ह्यात काही फरक पडतो काय, ते साहेबांना विचारून ठेव.

वासूच्या बायकोला मुलगी झाली. ह्या वेळी व्हाळ उतरलेला होता, वेळेत नेली. आईचं नाव ठेवणार म्हणत होते, मी नको म्हटलं.

आक्का


नंदिगड्डे,
२६ नोव्हेंबर

चि. शिवानंद,

मधे तुझी दोन कार्डं आली. दुसऱ्यात तू लिहिलंस, ‘आक्का, तुला सरकारनं काय चारलंय?’ ते कार्ड मी देवाच्या फळीवर ठेवलं नाही. तू रागात लिहिलंस, पण तुझ्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं. म्हणून आज सगळं सांगते. बसून वाच.

परवा ते पुन्हा आले. साहेबांनी नवीन प्रश्नाची सूचना दिली म्हणून चौकशी. तोच इंजिनियर, तीच दीपाली. आता कान्हूनं आणि वाडीतल्या महाबळेश्वरनं नेहमीसारखा बांबूचा साकव बांधलाय, पाणीही गुडघ्याखाली आहे. मी काही बोलायच्या आधी पानं मांडली. इंजिनियर म्हणाला, जेवण नको, घाई आहे. मी त्यानं दारात काढलेले बूट उचलून आत नेऊन ठेवले. मग बसला. तीनदा भात घेतला त्यानं.

हात धुऊन झाले, सुपारी दिली, आणि मी सुरू झाले. पुरात वाडी किती दिवस तुटते, पोरं शाळेला किती दिवस मुकतात, कुणाला कसं नेलं, कोण वाटेत बाळंत झाली. दिग्गी गावाकडची माणसं ह्याहून वाईट दिवस कसे काढतात तेही सांगितलं. दीपाली लिहून घेता घेता थांबली आणि इंजिनियर कानडीत म्हणाला, ‘अम्मा, अवत्तु याके हेळलिल्ला?’ त्या दिवशी का नाही सांगितलं म्हणून.

मी म्हटलं, ‘नीवु ऊटा माडलिल्ला.’ तुम्ही जेवला नाहीत.

त्याला मी वेडी वाटले असेन. पण दीपालीनं त्याला हळू आवाजात समजावलं. तिच्या आजोळी असंच असतं म्हणे.

आता दुसरं. हे त्यांना नाही, तुला सांगायचं आहे.

ऑगस्टात इंजिनियरनं कागदात बघून विचारलं होतं, ‘तुमची आई व्हाळाच्या काठावर मेली काय?’ मी म्हटलं, ‘न्हाई सायबा. घरात गेली. माझ्या मांडीवर.’ मंत्री सभेत खोटं बोलले नाहीत, शिवा. त्यांनी जे वाचलं ते खरं होतं. खोटं तुमच्या प्रश्नात होतं, आणि ते मी तुला तीन वर्षांपूर्वी फोनवर सांगितलेलं होतं.

दारातल्या परक्या माणसाला मी ते का सांगितलं, ह्याचा मी खूप विचार केला. पाहुण्याला चांगलं तेवढं सांगायचं असतं. आणि आई घरात, आपल्या माणसांत गेली, हे मला मनातून चांगलंच वाटत आलंय. म्हणून सहज तोंडातून आलं.

आता घडलं ते असं. त्या जुलैत आईला तीन दिवस ताप होता हे तुला माहीत आहे. चौथ्या दिवशी दुपारी तिला श्वास घेता येईना. कांबळ्याची झोळी केली, बांबूला बांधली. कान्हू, वासू, महाबळेश्वर, आणि चौथा खांदा माझा. व्हाळावर पोचलो तेव्हा चार वाजले असतील. पाणी लाल, आणि झाडाच्या आडव्या फांदीला लागलेलं. कान्हूनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक झाडाला, आणि अंदाज घ्यायला उतरला. दहा पावलं गेला नसेल, पाय सुटला. पाण्याखाली गेला तो दिसेना. आम्ही तिघांनी दोर ओढून त्याला काढला. तोंडातून पाणी आलं, कपाळ फुटलं होतं. त्याची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती.

आई झोळीतून हे सगळं बघत होती. कान्हू बसता झाला आणि म्हणाला, ‘आणि एकदा बघतो. खालच्या अंगानं उथळ आसंल.’

आई म्हणाली, ‘शांते, परत फीर. ह्या पोरांस्नी पाण्यात घालून मला जायचं न्हाई.’

ती म्हणाली, पण ती आजारी होती. आजारी माणूस काहीही म्हणतं. ठरवायचं मला होतं. कान्हू पुन्हा दोर बांधायला लागला होता, वासू रडत होता, आणि मी म्हटलं, ‘परत.’ तो शब्द माझा आहे. आम्ही तिला घरी आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला ती गेली.

तुला मात्र मी सांगितलं की सकाळी नेत होतो आणि काठावर गेली. तू मग दोन दिवसांनी, पाणी उतरल्यावर आलास, त्या काठावर बसून राहिलास, तिथली माती कपाळाला लावलीस. मी मागे उभी होते आणि बोलले नाही. कान्हू, वासू, महाबळेश्वर, तिघंही माझ्यासाठी गप्प बसले. त्यांच्यावर राग धरू नको. घरी वारली म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, मग आदल्या दिवशीच मला का नाही कळवलं. टेंबावर चढलं की रेंज येते. जवळजवळ वीस तास होते. मी नाही कळवलं, शिवा. का ते विचारू नको.

काठावरची माती तुझ्या मनात इतकी बसली की तू तो प्रश्न लिहिलास, आणि साहेबांनी तो भर सभेत विचारला. मला कळेपर्यंत उत्तरही येऊन गेलं होतं. नाहीतर तेव्हाच तुला थांबवलं असतं, खरंच थांबवलं असतं.

सोबत कागद जोडलाय. त्यात तू म्हणतोस ते नाही. जे झालं ते आहे, ‘परत’ सकट, खाली माझी सही, आणि कान्हूचा अंगठा. ह्या कागदानं साहेबांचा ऑगस्टचा प्रश्न खोटा पडतो आणि तुझी नोकरी जाऊ शकते, हे मला समजतं. तो साहेबांना द्यायचा की चुलीत घालायचा, ते तू ठरव. चुलीत घातलास तरी मी कुणाला सांगणार नाही. पण ‘काठावर’ असं मी लिहिणार नाही. एकदा सांगून बघितलं, तीन वर्षं पुरलं.

तुला सांभाळायला म्हणून मी शाळा सोडली, तेव्हा मला वाटलं होतं की तुला मी सगळं काही देऊन टाकलं. आईचा शेवटचा दिवस मात्र मी एकटीनं ठेवून घेतला.

आक्का


नंदिगड्डे,
२० डिसेंबर

चि. शिवानंद,

मी आणि कान्हू सुखरूप पोचलो. रामनगरपर्यंत बसायला जागा मिळाली, पुढे उभ्यानं. कान्हू वाटेत भेटेल त्याला विधानसभेत काय काय बघितलं ते सांगत होता, आणि रामनगर येईपर्यंत मंत्र्यांनी त्याच्याशी हात मिळवला होता.

तुझं कार्ड आलं तेव्हा मला वाटलं नोकरी गेल्याचं असेल. ‘१७ तारखेला बेळगावला ये, पास काढलाय.’ कागदाचं काय झालं ते तू लिहिलं नव्हतंस. ते न कळताच मी वरच्या सज्जात जाऊन बसले. दारावरच्या पोलिसानं माझी पानाची पिशवी काढून घेतली, आणि बोलायचं नाही, हात वर करायचा नाही, झोपायचं नाही असं बजावलं. झोप कुणाला येत होती.

साहेब उभे राहिले. म्हणाले, ‘ऑगस्टमध्ये मी ह्या सभागृहात चुकीचं बोललो. ती बाई व्हाळाच्या काठावर मेली नाही. मंत्र्यांनी सांगितलं तेच बरोबर होतं.’ समोरच्या बाकांवर एकदम गलका झाला. माफी मागा, माफी मागा. अध्यक्षांनी घंटा वाजवली. साहेब म्हणाले, ‘मागतो.’ आणि खरंच मागितली, हात जोडून. मग खिशातून माझा कागद काढला.

तो तू कानडीत केलास, ते मी पहिल्या ओळीला ओळखलं. खाली कडेला तू बसला होतास; मान खाली होती, पण मला वरून तुझा कान दिसत होता, लाल झालेला. झोळी, दोर, कान्हूचं फुटलेलं कपाळ. ‘परत’ जिथं आलं तिथं साहेब थांबले. शेजारी कान्हू तोंडावर टॉवेल धरून बसला होता.

मग साहेबांनी विचारलं, ‘आता माझा एकच प्रश्न आहे. सरकारचे अधिकारी त्या वाडीत गेले, त्यांच्यासाठी भात शिजत होता, आणि ते न जेवता परत आले. का आले, हे मंत्र्यांनी सांगावं.’

दोघं-तिघं हसले. पण मंत्री हसले नाहीत. त्यांनी मागे हात केला, चिठ्ठी आली नाही. पुन्हा केला. मागे बसलेला अधिकारी खाली बघत होता. शेवटी मंत्री उठले आणि म्हणाले, ‘पाणी चढेल म्हणून.’ कुणीतरी विरोधी बाकावरून ओरडलं, ‘म्हणजे व्हाळाचा त्रास आहे की नाही?’ आणि मंत्री म्हणाले, ‘हौदु. इदे.’ होय, आहे. पुढच्या पावसाळ्याआधी कामाला हात घालू असंही म्हणाले. तो हात किती लांबून येतोय ते बघू. पण ‘इदे’ हे आता तिथं लिहिलं गेलंय, ते कुणाला खोडता येणार नाही ना?

बाहेर फाटकाशी तू माझी पानाची पिशवी हातात घेऊन उभा होतास. साहेब चार दिवस बोलले नाहीत, पण कामावर ठेवलंय म्हणालास. मग चहा घेतला. चहा संपला तरी तू कप धरून होतास, आणि विचारलंस, ‘आक्का, त्या दिशी सांजच्याला फोन का न्हाई केलास?’ नको विचारू म्हणून लिहिलं होतं, तरी विचारलंस. मी ‘बस यील’ म्हटलं आणि उठले. बस अर्ध्या तासानं आली.

घरी येऊन तीन दिवस झाले. लिहितेच आता.

आईला घरी आणून निजवली आणि मी टेंबावर जायला निघाले होते. डोक्यावर घोंगडीची खोळ घेतली होती, नंबराचा कागद मुठीत होता. तिनं माझा पदर धरला. श्वास पुरत नव्हता, थांबून थांबून बोलली. म्हणाली, ‘शिवाला कळवू नगं. कळलं की तो निघंल. आनि काठावर आला की थांबायचा न्हाई तो, उतरंल पाण्यात. पाणी उतरल्यावर कळीव.’ मी हो म्हटलं. तिनं देवाची शपथ घ्यायला लावली आणि मगच पदर सोडला.

दुसऱ्या दिवशी मी शपथ अर्धीच पाळली. ती गेल्यावर टेंबावर गेले, आणि काठावर गेली म्हणून सांगितलं, म्हणजे तुला घाई करण्यासारखं काही उरू नये. दांडेलीपर्यंत ये, पाणी उतरेस्तोवर तिथंच थांब म्हटलं, आणि तू थांबलास.

तिला तुला बघायचं नव्हतं असं समजू नको. सकाळी तिनं दोनदा सांगून अंथरूण फिरवून घेतलं, तोंड दाराकडे येईल असं. मी विचारलं, कुणाची वाट बघतेस? म्हणाली, कुणाची न्हाई, उजेड बघते.

हे तुला सांगितलं नाही, कारण मग तू म्हणाला असतास, माझ्यासाठी ती मला न बघता गेली. त्यापेक्षा आक्कानं कळवलं नाही, हे तुला पेलण्यासारखं होतं. माझ्यावर रागावणं तुला लहानपणापासून चांगलं जमतं.

आता व्हाळाला घोट्याएवढं पाणी आहे. ये.

तुझी
आक्का